मदत हवी आहे : माळवदाचा गारवा हवा, पण माळवदाचा भार नको (औसा तालुक्यातील घरासाठी सल्ला)

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, आमच्या शेतात, आई-वडिलांसाठी साधारण ९०० चौरस फुटांचे एकमजली घर बांधायचे आहे. एसीवाचून उन्हाळा निभावावा, सिमेंट आणि लोखंड शक्य तितके कमी लागावे आणि गावठाणातील जुन्या घराचा दगड व सागवान वाया जाऊ नये, अशी इच्छा आहे.

जुने घर माळवदाचे. खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, मग किलच (लाकडी चिपांचा थर) आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नवी माती टाकून चोपण्याची पद्धत होती, जुनी माती मात्र कोणी काढत नसे. त्यामुळे काही खणांवरचा थर आज दीड फुटाहून जास्त झाला आहे. भिंती दोन हात रुंद, दोन्ही अंगांनी मोठे दगड आणि मध्ये चिपा व माती. चैत्र-वैशाखात भर दुपारी त्या घरात शिरले की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो, हे मी लहानपणापासून अनुभवले आहे.

अडचण अशी की आईने एकच अट घातली आहे, ‘काहीही करा, पण डोक्यावर माती नको.’ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपात आमच्या घराच्या मागच्या दोन भिंती फुगून ढासळल्या. पुढची ढेळज (दारालगतची ओसरी) खांबांवर उभी राहिली म्हणून घरचे वाचले. त्यामुळे तिची अट मला तंतोतंत मान्य आहे. ज्या वास्तुविशारदांना भेटलो, त्यांनी सरळ आरसीसी सांगाडा, सहा इंची भिंती आणि प्रत्येक खोलीला एसीचा पॉइंट असलेला आराखडा हातात ठेवला. पुनर्वसित गावांतील काँक्रीटच्या खोल्यांत मे महिन्यात काय होते, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. जुना दगड भिंतींसाठी पुन्हा वापरणे सुरक्षित आहे का आणि असल्यास कोणत्या पद्धतीने? मातीचा थर काढून टाकल्यावर छत थंड कसे ठेवायचे? शेतातील मातीचे दाबून केलेले ठोकळे वापरता येतील का? आणि केरळमधील वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या घरांची छायाचित्रे पाहून जाळीच्या भिंती कराव्यात असे मनात आले आहे, ते आमच्याकडे चालेल का? या विषयाच्या इतिहासाची जाण असलेल्यांनी, जुन्या पद्धतींतले तत्त्व कोणते आणि केवळ सवय कोणती, हेही सांगितले तर फार उपयोग होईल.

ओळंबा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि दगडी बांधकामाच्या बळकटीकरणाची कामे केली आहेत. तुमच्या आईंच्या अटीला आकड्यांचा आधार देतो. कोरड्या, चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १६०० किलो धरले, तर अर्ध्या मीटरचा थर दर चौरस मीटरला ८०० किलो भरतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर हे सात टनांहून अधिक ओझे झाले, आणि पावसात भिजलेली माती याहून जड असते. चार इंची काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला २५० किलोच्या आसपास असतो. भूकंपात इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ते वजन सर्वांत वर असणे हेच सर्वांत धोक्याचे.

तरीही १९९३ मध्ये सारा दोष मातीच्या छताचा नव्हता. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या घरातली असूनही सुमारे आठ हजार माणसे दगावली, याचे मोठे कारण तुम्ही वर्णन केलेल्या भिंतींत आहे. दोन्ही अंगांचे दगड एकमेकांना बांधलेलेच नसतील, तर हादऱ्याने बाहेरचे अंग बाहेर आणि आतले अंग आत सुटते आणि मधली चिपा-माती पाचरीसारखी खाली बसत जाते. तुमच्या मागच्या भिंती ‘फुगल्या’ त्या अशाच. ढेळज उभी राहिली, कारण तिथे छत भिंतीवर नव्हे तर खांबांवर होते.

दगड अवश्य वापरा, पण भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. प्रत्येक ६०० मिलिमीटर उंचीच्या थरात, आडवे मोजून जास्तीत जास्त १.२ मीटरवर, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड बसवा. तेवढा लांब दगड मिळाला नाही, तर आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीटचा ठोकळा जागेवरच ओता. भूकंपानंतरच्या बळकटीकरण कार्यक्रमात जुन्या भिंतींना भोके पाडून हेच केले गेले. जोते, दारे-खिडक्यांची वरची पातळी आणि छताची पातळी, या तिन्ही ठिकाणी भिंतींभोवती सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा द्या आणि कोपऱ्यांत उभी सळई घ्या. माती-दगडाच्या कामात पैसे वाचवायचे ते इतरत्र वाचवा, पट्ट्यांत नाही. किल्लारीचा परिसर पूर्वी सर्वांत कमी जोखमीच्या भूकंप क्षेत्रात गणला जाई, २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात आला, त्यामुळे आराखडा काढणाऱ्याकडून त्या क्षेत्रानुसार भूकंपबलाची गणना लेखी मागून घ्या.

चुनखडी

ओळंबा यांच्याशी सहमत. मी गारव्याच्या बाजूने लिहितो.

माळवदाच्या घराचे दोन गुण एकाच मातीत मिसळून गेले होते, ते वेगळे काढले की तुमचा प्रश्न सुटतो. पहिला गुण जडपणाचा : जाड दगड-माती दिवसाची उष्णता शोषून ती कित्येक तास उशिरा आत पोहोचवते. दुसरा गुण आडोशाचा : डोक्यावरचे ऊन थेट खोलीपर्यंत येत नाही. जडपणा भिंतींत आणि जमिनीत ठेवता येतो, तिथे तो भूकंपात डोक्यावर येत नाही. छताकडून फक्त आडोशाची अपेक्षा ठेवा, आणि त्याला वजनाची गरज नाही.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तीत छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा, चौरस मीटर आणि प्रत्येक अंश तापमानफरकामागे, १.२ वॉट इतकी ठेवली आहे. नुसता चार इंची स्लॅब याच्या तिपटीच्या आसपास जातो, म्हणून पुनर्वसनातल्या त्या खोल्या भाजून काढतात. स्लॅबवर तीन सेंटीमीटर चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक थर टाकला, त्यावर कोबा आणि वरून पांढरी चिनी मातीच्या फरश्यांच्या तुकड्यांची फरसबंदी केली, तर ही मर्यादा सहज पाळली जाते. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच हवा. आतून लावलात तर स्लॅब तापतच राहील आणि उन्हापावसात तडकेल. याला पर्याय म्हणून स्लॅबपासून हातभर उंचीवर कौलांचे हलके छत करून मधून वारा खेळू देता येईल. कौलांखालच्या पट्ट्यांना मात्र पक्के जखडा, वळवाच्या वादळात कौले उडतात.

जाळीच्या भिंतींबद्दल स्पष्ट सांगतो, करू नका. बेकर यांचे बहुतेक काम तिरुवनंतपुरमसारख्या दमट हवेतले आहे. तिथे दिवस-रात्र वारा खेळता ठेवणे हाच उपाय असतो. औशात मे महिन्याच्या दुपारी चाळिशीपलीकडचा, धुळीचा वारा वाहतो, तो घरात घेण्यात काय हशील? आपल्याकडे दिवसा घर बंद आणि रात्री सताड उघडे, हा शिरस्ता योग्य. जुन्या माळवदातले सवणे (छतातली झरोक्यासारखी भोके) रात्री उघडले की तापलेली हवा वर निघून जाई. नव्या छतातही जाळी व झाकण असलेले दोन सवणे ठेवा.

बेकर यांच्याकडून घ्यायचे ते वेगळेच आहे. मुंबईत गांधीजींची भेट झाली तेव्हा, घराचे सामान पाच मैलांच्या परिसरातले असावे, हा विचार त्यांनी ऐकला आणि पुढे आयुष्यभर तो कसोटीसारखा वापरला. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये १९३६ पासून माती-बांबूत तेच उतरत होते. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथी यांनी १९४० च्या दशकात नव्या गुर्ना गावात कच्च्या विटांच्या कमानी-घुमट उभारले, कारण तिथे लाकूड महाग होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर ‘ऊर्जा वाचवणारी इमारत’ हा विषय विद्यापीठांत आला आणि पुढे त्याची मानांकने निघाली. या सगळ्यांत समान दिसते ते इतकेच की स्थानिक अडचण आधी येते आणि आकार नंतर. तुमची स्थानिक अडचण ऊन आणि भूकंप अशी दुहेरी आहे, त्यामुळे बिनसळईचा घुमट कितीही देखणा असला तरी तुमच्यासाठी नाही.

मातीच्या ठोकळ्यांचे म्हणाल तर काळी माती त्यासाठी निकामी, ती पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते. मुरुमाड, वाळूचा अंश निम्म्याच्या आसपास आणि चिकणमाती पाचव्या हिश्श्याइतकी असलेली माती मिळाली, तर सुमारे पाच टक्के सिमेंट घालून यंत्राने दाबलेले ठोकळे चांगले होतात. भट्टी लागत नाही, पण चार आठवडे ओलावा राखावा लागतो, त्यामुळे विहिरीला पाणी असतानाच पाडा. खोलगट बरणीत माती आणि पाणी हलवून रात्रभर ठेवा, वाळू तळाशी आणि चिकणमाती वर बसते, अंदाज घरच्या घरी येतो.

मांजराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या जागेवर पाच-सहा फूट काळी माती आणि खाली मुरूम आहे, म्हणजे ठोकळे फक्त आतल्या भिंतींना आणि बाहेरच्या भिंती दगडाच्या, असे ठरवतो. दोन शंका उरल्या. दगडी भिंतींच्या दरजा (दगडांमधल्या फटी) सिमेंटऐवजी चुन्यात भरता येतील का? आणि सागवानी खांब-तुळया ओसरीला वापरल्या तर त्यांच्यावर स्लॅब टेकवावा का?

ओळंबा

स्लॅब लाकडावर टेकवू नका. ओसरी स्वतंत्र ठेवा, खांब-तुळयांवर कौले, आणि तिचा सांगाडा मुख्य भिंतीतल्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने जोडा. खांबांचे तळ जोत्याच्या दगडावर ठेवा, जमिनीत गाडू नका, आणि वाळवी लागलेला भाग तासून मगच वापरा.

चुना चालेल, पण तिसऱ्या भूकंप क्षेत्रात निव्वळ चुन्यावर विसंबू नका. चुना-वाळूत थोडे सिमेंट घातलेला मसाला घ्या. सिमेंटमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा निम्म्याहून मोठा वाटा इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातून सुटणाऱ्या वायूचा असतो. चुना भाजतानाही तो सुटतो, फरक एवढाच की भिंतीतला चुना त्यातला काही भाग हळूहळू परत शोषतो. तेव्हा तुमची खरी बचत जुना दगड पुन्हा वापरण्यात आहे, कारण त्यासाठी काहीच भाजावे लागत नाही.

पाया काळ्या मातीत थांबवू नका, मुरुमापर्यंत न्या. बाहेरच्या बाजूने चर खणून त्यात मुरूम भरा आणि भोवती फरसबंदीचा उतार द्या, नाहीतर पावसाळ्यात माती फुगून जोते उचलेल. दगड उतरवायला सुरुवात करण्यापूर्वी जुन्या भिंतीतले लांब दगड ओळखून खुणा करून बाजूला काढा. आरपार बसवायला तेच लागतील, आणि मजूर एकदा ढीग घालून बसले की ते पुन्हा सापडत नाहीत.