ऑनलाइन पोकर टूर्नामेंट: ६०० पौंडांचे २१४ झाले. आता कितीची खेळू?

थेम्सकाठचा

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात रीडिंगला असतो, आयटीत नोकरी. दीड वर्ष मित्रांच्या घरी पोकर खेळलो आणि गणपतीनंतर ऑनलाइन टूर्नामेंट सुरू केल्या. घरखर्चातून नव्हे, माझ्या बोनसमधून ६०० पौंड वेगळे काढले आणि हाच आपला बँकरोल असं ठरवलं. पोकरपटू ख्रिस फर्ग्युसनचा नियम वाचला होता, की अनेक टेबलांच्या टूर्नामेंटला एकूण पुंजीच्या २ टक्क्यांवर लावायचं नाही. ६०० चे २ टक्के १२ होतात, म्हणजे ११ पौंडांची टूर्नामेंट बसते असा हिशेब केला.

तीन आठवड्यांत ४१ एंट्र्या झाल्या. ११ च्या ३०, २२ च्या ८ आणि रविवारच्या ३३ च्या ३. गेले ६०५ पौंड. पाच वेळा पैशांत आलो, त्याचे मिळाले २१९. खात्यात २१४ उरलेत.

४१ पैकी ९ री-एंट्र्या आहेत, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून त्याच टूर्नामेंटमध्ये आलो, हेही सांगतो. ३३ वाल्या तिन्ही एंट्र्या एकाच रात्रीच्या. पहिल्या तासात राण्यांची जोडी आली, समोर एक्का-राजा, दोघांचे सगळे चिप्स मध्ये, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, राजा पडला. बाहेर पडल्याबरोबर स्क्रीनवर री-एंट्रीचा चौकोन येतो आणि त्यात सेकंद कमी कमी होत जातात. मी दाबलं. चाळीस मिनिटांनी पुन्हा दाबलं.

आता कितीची खेळावी? किती बाय-इन, म्हणजे किती वेळची प्रवेशाची रक्कम, हाताशी असावी? आणखी पैसे टाकावेत का? आणि मुळात माझा खेळच कच्चा आहे की पत्ते फिरले, हे कसं ओळखायचं? बायकोला सगळे आकडे दाखवलेत. ती म्हणाली, आधी जाणत्या माणसांना विचार, मग पुढचा पौंड टाक.

रानवाटा

आधी २ टक्क्यांचं बोलू, कारण घोळ तिथेच झालाय. ते २ टक्के आज खात्यात असलेल्या रकमेचे असतात, पहिल्या दिवशीच्या रकमेचे नव्हेत. पुंजी ४०० झाली की मर्यादा ८ पौंडांवर येते. तुम्ही पुंजी घसरताना ११ वरच राहिलात आणि वर २२, ३३ ला गेलात. ३३ म्हणजे ६०० चे साडेपाच टक्के, आणि त्या रविवारी तीन वेळा मिळून ९९ गेले, म्हणजे सुरुवातीच्या पुंजीचा सहावा हिस्सा एका रात्रीत. री-एंट्री हा त्याच स्पर्धेचा दुसरा बाय-इन असतो. ज्या टूर्नामेंटला दोनदा आत यायची तयारी आहे, तिची किंमत दुप्पट धरूनच ती परवडते का ते बघा.

फर्ग्युसन २००० साली पोकरच्या वर्ल्ड सिरीजचं मेन इव्हेंट, म्हणजे तिथली मुख्य स्पर्धा, जिंकलेला माणूस. हा नियम पाळून त्याने शून्यातून १०,००० डॉलर करण्याचा प्रयोग केला, आणि तो फुकट प्रवेशाच्या टूर्नामेंटपासून सुरू केला होता. त्याच्यासाठीही २ टक्के ही वरची हद्द होती. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने त्या हद्दीला खेटून राहू नये असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. हजार माणसांच्या टूर्नामेंटमध्ये साधारण १५ टक्के लोकांना पैसे मिळतात. तुम्हीही १५ टक्के वेळा पैशांत येता असं धरू. मग लागोपाठ २० टूर्नामेंट रिकाम्या हाताने जाण्याची शक्यता शंभरात जवळजवळ चार. ऐकायला कमी वाटते. पण वर्षभरात हजार टूर्नामेंट खेळलात, तर अशी वीसची किंवा त्याहून लांब कोरडी रांग पाच-सहा वेळा येणार, आणि तीही खेळ ठीक असताना. शिवाय पैशांत येणं म्हणजे बहुतेक वेळा बाय-इनच्या दीडपट-दुप्पट परत मिळणं. बक्षिसाचा मोठा वाटा शेवटच्या टेबलावरच्या आठ-नऊ जणांत जातो, आणि तिथवर तुम्ही कितीदा पोचणार? मधले सगळे महिने पुंजी झिजतच असते. त्यावर रेक, म्हणजे साइटचा वाटा. ११ पौंडांतले १० बक्षिसात जातात आणि १ साइटला, हरलात तरी आणि जिंकलात तरी.

तुमचा सरासरी बाय-इन ६०५ भागिले ४१, म्हणजे पावणेपंधरा पौंड. ६०० मध्ये असे चाळीसच बसतात. चाळीस बाय-इनवर एवढ्या मोठ्या टूर्नामेंट खेळल्या तर चांगला खेळाडूही संपतो. मी शंभर-दोनशे माणसांच्या टूर्नामेंटना १०० बाय-इन धरतो, हजाराच्या वर गेलं की किमान २००. टर्बो असेल तर आणखी जास्त, कारण ब्लाइंड्स, म्हणजे प्रत्येक डावात सक्तीने लावायचे चिप्स, भराभर वाढतात आणि खेळायला जागाच उरत नाही.

म्हणून २१४ वर मी १ पौंड १० पेन्सच्या टूर्नामेंट खेळेन. पुंजी ४४० झाली की २.२० ला जायचं, आणि तिथून ३३० खाली आली की त्याच दिवशी परत १.१० ला. वर कधी जायचं हे सगळे ठरवतात. खाली कधी यायचं ते आधी लिहून ठेवणारे फार थोडे, आणि माझ्या बघण्यात टिकलेले तेच. मी स्वतः ५.५० वरून २.२० ला उतरलो होतो आणि चार महिने तिथेच होतो. कमीपणा वाटला, पण त्या चार महिन्यांनी माझा खेळ वाचवला.

एक वही करा. तारीख, बाय-इन, किती माणसं, कितवा आलो, परत किती, आणि शेवटच्या रकान्यात रात्री किती वाजता सुरू केली. माझ्या वहीत रात्री एकनंतर सुरू केलेल्या टूर्नामेंटचे आकडे इतके वाईट निघाले की त्या मी बंदच केल्या. कुठल्याही साइटने मला ते सांगितलं नसतं.

खेळ कच्चा आहे का, याचं उत्तर ३२ टूर्नामेंटवरून मिळत नाही. हजारभर झाल्यावर थोडंफार कळतं. तोवर निकाल बाजूला ठेवा आणि खेळलेले डाव तपासा. राण्या घेऊन एक्का-राजासमोर सगळं लावणं बरोबरच होतं. चूक त्यानंतरच्या दोन क्लिकमध्ये झाली.

कसबा_पेठ

पुण्यातून लिहितोय. भारतातले वाचक हा धागा वाचून सुरू करतील म्हणून आधीच सांगतो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ इथे बंद झाले, पोकरसकट. व्हीपीएन लावून परदेशी साइटवर खेळायचे सल्ले फिरतात. कृपया त्या वाटेला जाऊ नका, पैसे अडकले तर दाद मागायला जागाच नाही.

मी त्याआधी पाच वर्षं खेळलो. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आला आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. तेव्हा मला कळलं की बँकरोल म्हणजे फक्त किती बाय-इन एवढंच नव्हे. पैसे आत घालायला काय पडतं आणि बाहेर काढायला काय पडतं, तेही त्यातच मोजायचं. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये खेळाडूला जिंकलेल्या रकमेवर कर नाही, हा फार मोठा फायदा आहे.

आणि सगळी पुंजी साइटवर ठेवू नका. फर्ग्युसनचा तो प्रयोग फुल टिल्ट या पोकर साइटवर झाला होता. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारने त्या साइटवर कारवाई केली आणि अमेरिकेतल्या खेळाडूंना आपलेच पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. मी महिन्याला लागतील तेवढेच साइटवर ठेवायचो, बाकीचे वेगळ्या बचत खात्यात. २०२५ ला इथे सगळं थांबलं, तेव्हा माझे थोडेच पैसे काढायचे राहिले होते. त्या आठवड्यात मला शांत झोप लागली.

जर्सीकर

रानवाटा यांचं बहुतेक सगळं पटतं, पण २०० बाय-इनचा आकडा पोकरवरच पोट असणाऱ्याला. नोकरदार माणूस दरमहा ठरलेली रक्कम घालू शकतो, त्यामुळे १०० पुरतात. २१४ वर २.२० ची खेळायला माझी हरकत नाही. फक्त महिन्याची रक्कम पगाराच्या दिवशीच ठरवायची, हरलेल्या रात्री नाही.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी: २०२६ पासून हरलेल्या रकमेतली ९० टक्केच वजा करता येते. वर्षात १०,००० जिंकले आणि १०,००० हरले, तरी १,००० करपात्र. टूर्नामेंट खेळणाऱ्याला हे फार लागतं. वर्षअखेरीचं हे देणं बँकरोलमधून आधीच बाजूला काढा.

ओवी

मी खेळत नाही, पण माझे धाकटे दीर खेळायचे. ते हुशार आहेत, हिशेबही पक्का. फक्त पुंजी आणि घराचं खातं एकच होतं. एकदा घराच्या हप्त्याचे पैसे रविवारच्या मोठ्या टूर्नामेंटला लावले, बुधवारपर्यंत परत टाकतो म्हणाले. जाऊबाईंना बँकेचा मेसेज आला तेव्हा त्या मुलाला शाळेतून आणत होत्या, रस्त्यातच थांबल्या. पैसे नंतर फिटले. पण दोन वर्षं त्या घरात मोबाइल उलटा ठेवलेला दिसला की सगळे गप्प व्हायचे.

तुम्ही बायकोला आकडे दाखवलेत हे वाचून बरं वाटलं. ते थांबवू नका. साइटवर महिन्याची भरणा मर्यादा आजच लावा, ब्रिटनमध्ये ती सोय आहे. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला तिथे १४ एप्रिल २०२० पासून बंदीच आहे, पण ओव्हरड्राफ्ट आणि मित्रांकडची उसनवारी उरतेच. आणि कधी चौकोन दिसला की बोट आपोआप जायला लागलं, तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, ब्रिटनचा परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन साइट एकदम बंद होतात. दिरांनी पाच वर्षांची बंदी घेतली.

थेम्सकाठचा

ओवीताई, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री बसून ठरवलं. २१४ पैकी ६० साइटवर, बाकीचे वेगळ्या खात्यात. १.१० ची टूर्नामेंट, री-एंट्री नाही. जर्सीकर, तुमचा १०० चा मुद्दा समजतोय, पण सध्या स्वतःवर तेवढा भरवसा नाही, म्हणून २०० च. दर महिन्याला ३० ची भरणा मर्यादा लावली, तोही आकडा बायकोने सांगितला. वही आणली आहे.

एकच शंका. ३३ वालीचं तिकीट २.२० च्या सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट बक्षीस देणाऱ्या छोट्या टूर्नामेंटमधून, मिळतं. ते चालेल का?

रानवाटा

सॅटेलाइटचा खर्च २.२० च धरा, आणि तोही अधूनमधून. एकाच टूर्नामेंटसाठी पाच सॅटेलाइट खेळलात तर ते ११ झाले, वहीत तसेच लिहा. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकरने ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून १०,००० डॉलरच्या मेन इव्हेंटची जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकले. ते वाचून कितीतरी लोक सॅटेलाइटच्या मागे लागले. तिकीट मिळालं आणि साइट त्याचे पैसे किंवा क्रेडिट देत असेल, तर ते ३३ घ्या आणि बँकरोलमध्ये टाका. त्यात १.१० च्या तीस टूर्नामेंट होतात.

पहिला महिना झाला की वहीतले आकडे इथे टाका. मी बघतो.