मदत हवी आहे: सिमेंटच्या जुन्या चद्दरी उतरवायच्या आहेत, अॅस्बेस्टॉस पेशींना नेमकं काय करतं?

रामबागकर:
इंदूर, रामबाग. मागच्या ओट्यावर छत म्हणून १९८०च्या सुमाराच्या आठ अॅस्बेस्टॉस चद्दरी आहेत, तीन-तीन मीटरच्या. दोन फुटल्यात, बाकीच्यांवर शेवाळ आहे. आमच्या मिस्त्रीचं म्हणणं, एक तर तारेच्या ब्रशने घासून वॉटरप्रूफिंग मारू, नाहीतर ग्राइंडरने कापून तुकडे मलब्यात टाकू. घरात एक मत असं की सिमेंटच तर आहे, विष थोडंच आहे? मग कॅन्सर होतो तो कसा? आणि उतरवायच्या कशा?

पेशीविज्ञानी:
विष नाही हे खरं, पण म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. इथे रसायनापेक्षा तंतूचा आकार आणि चिवटपणा जास्त घात करतो. आपल्याकडच्या चद्दरीत साधारण ८ ते १० टक्के पांढरं अॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल असतं. ३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतू नाक-घसा चुकवून थेट वायुकोशांत उतरतात. तिथे मॅक्रोफेज ही सफाईची पेशी त्यांना गिळायला जाते. पेशीचा व्यास १५-२० मायक्रॉन. तंतू त्याहून लांब असला तर अर्धा आत, अर्धा बाहेर अडकतो. बाभळीचा काटा घशात आडवा जावा तसा. पेशी तो ना पचवू शकते ना सोडू शकते. मग ती सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू बाहेर टाकत राहते. तंतूच्या पृष्ठभागावर लोह असलं, आणि अॅस्बेस्टॉसच्या निळ्या-तपकिरी प्रकारांत ते भरपूर असतं, तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि शेजारच्या पेशींचा डीएनए तुटतो.

त्यातच पेशीतली एनएलआरपी३ नावाची यंत्रणा जागी होऊन इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं प्रथिन सुटतं, आणि सूज शमतच नाही. खरी मेख पुढे आहे. याच सुजेत सुटणाऱ्या टीएनएफ-अल्फा या प्रथिनामुळे, डीएनए बिघडलेली जी मेसोथेलियल (फुप्फुसाच्या आवरणाची) पेशी मरायला हवी ती जगते आणि विभागत राहते. विभाजनाच्या वेळी तंतू गुणसूत्रांच्या वाटणीतही आडवे येतात. फुप्फुसाच्या आवरणातून द्रव बाहेर नेणाऱ्या छिद्रांशी लांब तंतू अडकून बसतात, म्हणून मेसोथेलिओमा, म्हणजे या आवरणाचा कॅन्सर, तिथल्या बाहेरच्या पडद्यावर सुरू होतो असं मानतात. त्या गाठींत बीएपी१, सीडीकेएन२ए, एनएफ२ ही गाठ रोखणारी जनुकं वारंवार निकामी झालेली सापडतात. हे सगळं व्हायला बहुधा २० ते ५० वर्षं लागतात.

क्रायसोटाइल फुप्फुसात निळ्या प्रकारापेक्षा लवकर विरघळतं, म्हणून "आपलं सुरक्षित" असा प्रचार चालतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर-संशोधन संस्थेने सगळेच प्रकार गट १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करणारे म्हणून नोंदवलेत.

चद्दर-मिस्त्री:
ब्रश आणि ग्राइंडर दोन्ही बाद. पावसाने सिमेंट झिजलं की वरचे तंतू उघडे पडतात. शेवाळाखाली नेमके तेच असतात आणि ब्रश त्यांना हवेत उडवतो. ग्राइंडर तर सगळी चद्दरच पिठासारखी करतो.

आधी छताची धास्ती घ्या, कॅन्सरची नंतर. जुन्या चद्दरीवर पाय दिला की माणूस सरळ खाली येतो. आधारांवर फळ्या टाका, नाहीतर खालून मचाण बांधा. वारा नसलेली सकाळ बघा. पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचे थोडे थेंब टाकून फवारणीच्या हातपंपाने चद्दर भिजवा; जोराच्या पाइपची धार नको. चद्दर आधाराला धरून ठेवणाऱ्या जे-हुकांचे नट पान्याने सोडवा, गंजलेला हुक भिजवून हळू कापा, पण चद्दर कापू नका. एक चद्दर चाळीसेक किलो भरते, तेव्हा दोघांनी धरून अख्खी उतरवा, आपटू नका. फुटलेले तुकडे ओलेच २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप लावा, वर "अॅस्बेस्टॉस" लिहा.

मास्क एफएफपी३ किंवा पी१०० लागतो, कापडी कुचकामी. दाढी असली तर तोही नीट बसत नाही. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं त्याच पिशवीत टाका. कामाचे कपडे घरच्या धुण्यात नकोत.

रामबागकर:
मलबा घ्यायला निगमची, म्हणजे महापालिकेची, गाडी येते, तिला दिलं तर? नाहीतर कबाडीला?

चद्दर-मिस्त्री:
मलब्यात अजिबात नको, तिथे क्रशरमध्ये तेच पीठ होईल. कबाडी चद्दर पुढे विकेल, म्हणजे कोणाच्या तरी गोठ्यावर चढेल. काम सुरू करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूरच्या कार्यालयात आणि निगमच्या झोनला लेखी विचारा. घातक कचऱ्याची जागा पीथमपूरला आहे. उत्तर येईपर्यंत गुंडाळलेल्या चद्दरी सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

रामबागकर:
आजवर याच छताखाली राहिलोय. एक्स-रे, सीटी काढू का? वडील बिडी ओढतात.

पेशीविज्ञानी:
तक्रार नसेल तर नुसत्या छतासाठी सीटी नको. धोका आत गेलेल्या धुळीच्या मात्रेवर असतो आणि अखंड चद्दरीखाली ती फार कमी असते. बिडीचं वेगळं आहे. ती मेसोथेलिओमा वाढवत नाही, पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये अॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकमेकांची धार वाढवतात. वडिलांना चद्दरी उतरवायच्या दिवशी घरापासून लांब ठेवा, आणि बिडी त्याच दिवसापासून बंद करायला लावा.