प्रतिसाद: ‘सकाळी तीन, संध्याकाळी चार’चा आजचा अर्थ

‘朝三暮四’ (शब्दशः ‘सकाळी तीन, संध्याकाळी चार’) या चिनी वाक्प्रचाराचा अर्थ ‘शब्दांच्या हातचलाखीने फसवणे’ असा एका पोस्टमध्ये दिला होता, त्याला हा प्रतिसाद. मूळ अर्थ तोच, पण आजच्या चिनी बोलण्यात तो वापराल तर समोरचा गोंधळेल.

कथा ‘च्वांग्त्झ’ या प्राचीन ग्रंथातली. माकडं पाळणारा म्हणतो, ओकची फळं सकाळी तीन, संध्याकाळी चार देईन. माकडं चिडतात. बरं, सकाळी चार, संध्याकाळी तीन? माकडं खूश! बेरीज सातच. जपानीत हाच अर्थ टिकून आहे.

चिनीत मात्र ‘सकाळी एक, संध्याकाळी दुसरं’ असं वरवरचं वाचन रुजलं आणि अर्थ ‘धरसोड करणारा’ असा झाला. प्रेमात चंचल, नोकरीत दर सहा महिन्यांनी नवं ऑफिस, अशा माणसाबद्दल म्हणतात. सूर कायम दूषणाचा, म्हणून गमतीतही साहेबांना लावू नये. लहरी हवेला हा शब्द चालत नाही, तो माणसालाच. ‘तळ्यात-मळ्यात’ हा प्रतिशब्द मला पटत नाही. त्यात निर्णयच झालेला नसतो, इथे घेतलेला निर्णय पुन्हा पुन्हा बदलतो.

उच्चार: पहिलं अक्षर 朝, म्हणजे ‘सकाळ’, रोमन लिपीत ‘zhao’ लिहितात. त्यातलं ‘झेड-एच’ बघून ‘झाओ’ म्हणू नका. तो आपला ‘चाओ’, ‘चार’मधला च, स्वर उंच आणि सपाट. ‘छाओ’ म्हणालात तर त्याच अक्षराचं दुसरं वाचन होतं, राजदरबार किंवा राजवंश, आणि सकाळ गायब.