नवी डिझायर: तीन सिलिंडर, पाच माणसं आणि यवतेश्वरचा घाट

कंदीपेढा
आमची २०१३ची डिझेल डिझायर पावणेदोन लाख किलोमीटर पळून आता थकलीय. बीएस६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर, २०२०मध्ये, मारुतीने डिझेल इंजिनंच बंद केली, तेव्हा आता पेट्रोलशिवाय गत्यंतर नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेली नवी डिझायर मेहुण्याने घेतलीय. रविवारी तीच घेऊन साताऱ्याहून कासला गेलो. पुढे मी आणि मेहुणा, मागे आई, बायको, भाची. एसी चालू.

समर्थ मंदिर सोडलं की यवतेश्वरचा चढ लागतो. आमची जुनी गाडी हा घाट बराचसा तिसऱ्या गिअरवर चढते. हिला वळणावर तिसऱ्यात ठेवली तर 'ऊंऽऽ' करून जागच्या जागी. दुसरा टाकला, मग कुठे हलली. तोवर मागच्या एसटीने दोनदा हॉर्न मारून झाला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. मायलेजचा आकडा फुगवायला चौथा सिलिंडर काढला आणि इंजिनची ताकद ९० पीएसची ८२ केली. एकट्यादुकट्याने ऑफिसला जायला ठीक, घरच्या पाच माणसांना हे इंजिन अपुरं. दुसरं म्हणजे मोठे खड्डे गाडी छान गिळते, पण पुलाचे जोड आणि बारीक ठिगळं मागच्या सीटवर टकटक जाणवतात. आईला मणक्याचा त्रास आहे, ती दोनदा म्हणाली. पटत नसेल तर मुद्देसूद सांगा.

रांगेतली चौथी
+१. मी याच कारणाने होंडाची नवी अमेझ घेतली. १.२ लिटर, चार सिलिंडर, ९० पीएस. सिग्नलला उभी असताना चालू आहे की बंद, हे आरपीएमचा काटा बघून कळतं. तीन सिलिंडरची गाडी उभ्या उभ्या स्टिअरिंगला आणि सीटला बारीक थरथर देते. दहा लाख मोजायचे आणि वर रिक्षाची आठवण काढायची?

दहाचा पाना
तीस वर्षं गाड्यांखाली झोपण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर.

कंदीपेढा, तुम्ही डिझेलच्या पायाने पेट्रोल चालवलंत. जुन्या डिझेलला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा; त्यामुळे १९० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, आणि तोही २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनच्या तेवढ्या फेऱ्यांना. नव्या पेट्रोलला ११२ एनएम, आणि पूर्ण मिळायला ४३०० आरपीएम लागतात. १८०० आरपीएमला तिसऱ्यात चढाच्या वळणावर ठेवली तर चार सिलिंडरची जुनी पेट्रोल डिझायरसुद्धा रडली असती. तिला ११३ एनएम होता, ४४०० आरपीएमला. म्हणजे फरक एका एनएमचा. तुम्हाला टर्बोची आठवण येतेय आणि खापर सिलिंडरवर फुटतंय.

९०चे ८२ झाले हे खरं. पण ते आठ पीएस कमी झाले पार वरच्या टोकाला, साडेपाच-सहा हजार आरपीएमला. आपल्यापैकी किती जण घरच्यांना घेऊन तिथवर इंजिन पिळतात?

आता आतली गोष्ट. दोन्ही इंजिनं ११९७ सीसीचीच. जुन्यात पिस्टन ७१.५ मिलिमीटर वरखाली व्हायचा, नव्यात ९२.८. मोठा स्ट्रोक, कमी पिस्टन, कमी घर्षण. त्यामुळे गावात कमी आरपीएमवर ही गाडी जुनीपेक्षा शहाण्यासारखी वागते. तिसऱ्यात पंचवीसच्या स्पीडने सपाटीला विनातक्रार चालते, करून बघा.

थरथरीचं चौथी म्हणतात ते बरोबर आहे. चारमध्ये दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका पडतो, तीनमध्ये दर दोन तृतीयांश फेऱ्याला, आणि इंजिन दोन्ही टोकांनी डुलायला बघतं. माउंटिंग रबर ते बरंचसं पितात, सगळं नाही.

आणि टकटकीबद्दल एकच प्रश्न: चाकांत हवा किती होती?

गोदाकाठ
माझी एएमटी आहे, म्हणजे गिअर गाडी स्वतः बदलते; नाशिक-ठाणे महिन्यातून दोनदा, कसाऱ्यातून. पाच माणसं नसतात, पण सासूबाई, दोन मुलं आणि भाजीच्या पिशव्यांनी भरलेली डिकी धरा. पहिल्या महिन्यात मीही वैतागले होते. ओव्हरटेकला पाय दाबला की आधी क्षणभर विचार, मग मान पुढे, मग गाडी पुढे. आता घाट आला की मॅन्युअलला घेते आणि दुसरा-तिसरा स्वतः ठरवते, विषय संपला. हिल होल्ड सगळ्या मॉडेलना आहे, त्यामुळे घाटातल्या ट्रॅफिकमध्ये मागच्या ट्रकवर घरंगळायची भीती नाही. माझ्यासाठी हे त्या आठ पीएसपेक्षा महत्त्वाचं.

आणि हँडलिंगबद्दल कुणीच काही बोलत नाही. शेजारच्यांची उंच गाडी चालवून बघितली. वळणावर ती झुकते, मागची मुलं एकमेकांवर पडतात. डिझायर बुटकी असल्यामुळे वळणात बसून राहते. माझ्या धाकट्याला गाडी लागायची, ते प्रमाण खूप कमी झालं.

फावल्या वेळात
सगळं खरं, पण मुलीच्या लग्नात मांडवाशी लावली तर पाहुणे मागचं दार उघडून ओटीपी सांगतील.

कंदीपेढा
@फावल्या वेळात: हसलो. पण आमच्या गल्लीत चार आहेत, चारही घरच्या.

@दहाचा पाना: हवेचं बघितलं नाही हो, नवीकोरी गाडी आहे. पण तुमचा हिशेब अर्धाच पटतो. माणूस गाडी कागदावर चालवत नाही. ज्याच्याकडे दहा वर्षं डिझेल होतं त्याला तुलना त्याच गाडीशी करावी लागणार. आणि गाडीला ओढ नाही म्हणून सतत तीन-चार हजारवर पळवायची असेल, तर ते पंचवीसचं मायलेज कुठे राहतं?

रांगेतली चौथी
हाच तर मुद्दा! कागदावर २४.७९. अमेझला कागदावरच साडेअठराच्या वर थोडं, निदान थापा कमी.

दहाचा पाना
थापा नाहीत, तो चाचणीतला आकडा आहे आणि चाचणीत घाट नसतो. घाटात दोघींचंही पडणार. पण पडूनही डिझायर अमेझच्या वर राहील, हे माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून सांगतो. तुमच्या अमेझचं इंजिन गुळगुळीत आहे, वादच नाही. पण टॉर्क ११०, तोही ४८०० आरपीएमला. कंदीपेढ्यांना यवतेश्वरात तीही दुसऱ्यातच न्यावी लागेल. फक्त ओरडताना गोड ओरडेल.

रांगेतली चौथी
गोड ओरडण्यालाही किंमत असते काका. तीन तास आत बसायचं असतं. शिवाय अमेझचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, १७२ मिलिमीटर, तुमचा १६३. पाच माणसं बसवा आणि आमच्या सोसायटीच्या बाहेरचा स्पीडब्रेकर ओलांडून दाखवा, इंजिनखालचा ऑइलचा चेंबर घासला नाही तर पार्टी.

दहाचा पाना
चेंबरचं मान्य. इथे तुम्ही जिंकलात.

वाशीकर
सीएनजीवाल्यांचंही ऐका. ७० पीएस, १०२ एनएम. गाडी शंभर किलोंच्या आसपास जड, आणि ते वजन सगळं मागे. सपाटीला खर्च बघून डोळे पाणावतात, आनंदाने. खंडाळ्यात मात्र पेट्रोलचं बटण दाबतो आणि गप बसतो. एक्स्प्रेसवेला शंभरच्या लिमिटला गाडी स्थिर असते, पण बाजूने व्होल्वो गेली की हलकी गाडी असल्याचं कळतं. स्टिअरिंग गावात एका बोटाने फिरतं, तेच तिथे जरा जड असतं तर बरं वाटलं असतं.

गोदाकाठ
हे मात्र खरं. वाऱ्यात दोन्ही हात लागतात.

कंदीपेढा
अपडेट. काल मेहुण्याकडे सकाळी गाडी थंड असताना हवा मोजली. चारही चाकांत ४१! गाड्या यार्डात उभ्या असतात म्हणून जास्त भरून ठेवतात म्हणे, आणि देताना कमी करायची राहून गेली. शोरूमचं नाव घेत नाही, पण दोन सर्व्हिसिंग झाल्या आणि कुणी व्हॉल्व्हची टोपीसुद्धा उघडली नाही. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्याप्रमाणे करून घेतली आणि परत त्याच रस्त्याने पाच जण गेलो.

टकटक पूर्ण गेली नाही, पण पुलाच्या जोडावर आई काही बोलली नाही. हे माझ्या लेखी पुष्कळ. घाटात वळणाच्या आधीच दुसरा टाकला, तीन हजारच्या खाली येऊ दिली नाही. चढली. एसटी मागेच राहिली. आवाज मात्र सगळा आत येतो, गप्पा मारायच्या तर ओरडून. त्यामुळे इंजिन अपुरं हा शब्द मागे घेतो, पण मनाला पटलेलं नाही एवढं लिहून ठेवतो.

दहाचा पाना
एवढं पुरे. आता गाडी घ्या.

कंदीपेढा
थांबा. कासला पोचल्यावर आई म्हणाली, "गाडी बरीय, पण उतरताना विहिरीतून वर यावं तसं वाटतं." सीट खाली आहे, गुडघे वर येतात. शनिवारी अमेझ बघायला जातोय. पाच माणसं बसवून चेंबर बघणार, पण इंजिन चालू करायच्या आधी आईला एकदा आत बसवून बाहेर काढणार.

रांगेतली चौथी
या या. पण सीट अमेझचीही काही फार उंच नाही, आधीच सांगते.