उपासनेला येताना चपला बाहेर काढाव्यात का?

नगरकर: आमच्या चर्चच्या मंडळीत गेल्या रविवारपासून दाराशी पाटी लागली आहे, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. निम्मे लोक नाराज आहेत. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं. बायबलमध्ये जळत्या झुडपाजवळ मोशेला देव आपली ओळखही नंतर सांगतो. आधी म्हणतो, इकडे जवळ येऊ नको, पायांतले जोडे काढ (निर्गम ३). आणि आपण? पायावर पाय टाकून उपदेश ऐकतो, प्रभुभोजनाच्या वेळी शेजाऱ्याशी कुजबुजतो. देव बाप आहे, कबूल. वडिलांसमोर असे बसायची आपली छाती होती का?

धाकटी_सून: ‘जवळ येऊ नको’पाशीच थांबलात! नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र ४:१६ म्हणतं, धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या. प्रभू येशूने प्राण सोडला तेव्हा लोकांना देवापासून दूर ठेवणारा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. तो आपण पुन्हा शिवायला बसलोय. आमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, वाकून बूट काढणं त्यांना जमत नाही. त्यांनी काय करायचं, पायरीवर बसून गीतं ऐकायची?

नगरकर: सासूबाईंना सूट हवीच. पण तेच पत्र पुढे वाचा, १२:२९. आपला देव भस्म करणारा अग्नी आहे.

वसईवाला: कॅथलिकांसाठी हे नवं नाही. १९६९ साली रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्दे मंजूर केले. त्यांत पादत्राणे काढणं, जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं हे सगळं होतं. तरी आमच्याकडे बहुतेक लोक बूट घालूनच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतात. दारात पवित्र पाण्याने क्रुसाची खूण करतात, बाकावर जाण्याआधी गुडघा टेकतात. आदर पायातच का शोधताय?

जुनी_वस्ती: एक गोष्ट कुणीच बोलत नाही. आमचे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. गावात वाड्यासमोरून जाताना त्यांना चपला हातात घ्याव्या लागत. देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, ते त्या पायात घालून ताठ चालत जायचे. आजी हे सांगताना अजून पदर सावरून बसते. त्यांच्या पतवंडांना तुम्ही पाटी दाखवताय. तुम्ही ‘पवित्र’ म्हणता, आमच्या कानावर ‘विटाळ’ येतो.

नगरकर: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरंच. पण यशया ६ मधले सराफीम, देवाच्या सिंहासनाजवळचे पंखवाले स्वर्गीय सेवक, बघा. त्यांना कसला विटाळ? तरी दोन पंखांनी तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय. वाड्यातला माणूस देवाच्या जागी बसला होता म्हणून ती सक्ती पाप होती. खऱ्या देवासमोर आपण होऊन काढल्या तर त्यात कमीपणा कसला?

जुनी_वस्ती: ‘आपण होऊन’ म्हणालात ना? मग पाटी उतरवा. मी येत्या रविवारी अनवाणी येतो.

धाकटी_सून: +१. आणि दाराशी एक खुर्ची ठेवा.