पावणेआठ म्हणजे 8:45 का नाही?

डोंबिवलीकरीण:
लेक तिसरीत आहे. भिंतीवरचं घड्याळ वाचते, पण आजीने "पावणेआठला दूध आणायला जाऊ" म्हटलं की ही तासभर उशिरा तयार होणार, हे ठरलेलं! तिचं म्हणणं, सव्वाआठ म्हणजे 8:15, साडेआठ म्हणजे 8:30, मग पावणेआठ 8:45च असायला हवं. खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. वर "साडेएक" आणि "साडेदोन" चालूच आहे.

दुसरं दुखणं वजाबाकीचं. नृत्याचा क्लास 4:40 ते 6:15. किती वेळ झाला? बाईसाहेबांनी वहीत 6.15 खाली 4.40 मांडले आणि उत्तर काढलं: 1 तास 75 मिनिटं. वजाबाकी बिनचूक आहे हो, तेच तर दुखणं! साठाचा हातचा दोनदा समजावला. "मग कालपर्यंत दहाचाच का घेत होतो?" म्हणून रडारड झाली. कुणी काय केलंत?

पाटीपेन्सिल:
प्राथमिक शाळेत 31 वर्षं काढली, म्हणून थोडं लांबण लावतो. मुलगी चुकत नाहीये, ती नियम शोधतेय. तिला शब्द फोडून दाखवा. पावणे म्हणजे पाव उणे. आठाला पाव कमी. सव्वा, साडे पुढे ढकलतात, हा एकटा मागे ओढतो. दीड आणि अडीच मात्र पाठच करायचे, तिथे वाद नको.

जुनं घड्याळ असेल तर मिनिटकाटा काढून टाका आणि आठवडाभर नुसत्या तासकाट्यावर वेळ सांगायला लावा. पावणेआठला तो आठाच्या अगदी जवळ आलेला असतो. डोळ्यांना दिसलं की नाव आपोआप पटतं.

आणि वेळेची उभी वजाबाकी सध्या बंद. घरात फरशी आहे ना? एक फरशी पाच मिनिटं, बारा फरशा एक तास. 4:40 वर उभं करा. पाचपर्यंत चार फरशा. मग सहापर्यंत एक तास, तो चालत न जाता तोंडीच. पुढे तीन फरशा. वीस, एक तास, पंधरा. हातचा लागतच नाही.

उगाच_एक:
डिजिटल घड्याळ घ्या, विषय संपला.

पाटीपेन्सिल:
@उगाच_एक, 1 तास 75 मिनिटं त्याच घड्याळातून येतात. तिथे 6:15 हा आकडा दिसतो, सहा आणि सातमधली जागा दिसत नाही.

नेकरकाठचा:
श्टुटगार्टहून लिहितोय. तुमचं निम्मं दुखणं आहे, आमच्याकडे दुप्पट. जर्मनमध्ये 'हाल्ब आख्त', शब्दशः अर्धा आठ, म्हणजे साडेसात! मुलगा साडेआठच समजायचा आणि फुटबॉलला तासभर उशिरा. पण इथली जुनी माणसं 7:45 ला 'ड्रायफीर्टल आख्त' म्हणतात, पाऊण आठ. ते त्याला लगेच कळलं. म्हणाला, "हे तर आजोबांचं पावणेआठ!"

डोंबिवलीकरीण:
गुरुजी, फरशीचा खेळ जमला. आमच्या हॉलमध्ये सलग नऊच फरशा निघाल्या, उरलेल्या तीन सोफ्याखाली. त्यामुळे "पावणे" झालं की सोफा येतो, हे तिने स्वतःच शोधलं. 1 तास 35 मिनिटं बरोबर आलं. डेक्कन क्वीन पुण्याहून 7:15 ला सुटून 10:25 ला मुंबईत, तेही तोंडी केलं: तीन तास दहा मिनिटं.

पण काल विचारलं, रात्री दहाला झोपलीस, सहाला उठलीस, किती तास झोप? उत्तर: चार. दहातून सहा गेले!

पाटीपेन्सिल:
बारावर थांबायला सांगा. दोन आणि सहा. रात्री फरशीवर नाचवू नका, खालचे लोक वर येतील.