क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग: पकडण्यावर बंदी असूनही हे फुलपाखरू संकटात का?

प्रश्न – विज्ञान शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)

सर्वांना नमस्कार. जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू पापुआ न्यू गिनीच्या वर्षावनात आढळते, हे आठवीच्या वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, त्याला पकडण्यास १९६० च्या दशकापासून कायद्याने बंदी असेल, तर ते अजूनही धोक्यात कसे? या प्रश्नाचे नेमके उत्तर मला हवे आहे. शिवाय, आमच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल असे या विषयाशी संबंधित काही आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – एक वाचक, चंद्रपूर

गुरुजी, या फुलपाखराचे सारे आयुष्य एका वेलीच्या गटाशी बांधलेले आहे आणि बंदीच्या कायद्याने ती वेल वाचत नाही, हे तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मादी फक्त पॅरारिस्टोलोकिया गटातील वेलींवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी स्वतःच्या अंड्याचे कवच खाते आणि मग कोवळ्या पानांकडे वळते. काळ्या अंगावर तांबडे काटेरी उंचवटे आणि मध्यभागी दुधी पट्टा, असे तिचे रूप असते. पानांतील विष ती शरीरात साठवते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. अंड्यापासून कोषापर्यंत सुमारे सहा आठवडे जातात, कोषात महिना किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि फुलपाखरू पहाटे, हवेत भरपूर ओलावा असताना बाहेर पडते. हवा कोरडी झाली, तर एवढे मोठे पंख पुरते उलगडण्याआधीच सुकण्याची भीती असते. मादीच्या पंखांचा विस्तार २५ सेंटिमीटरहून अधिक भरतो, हे मुलांना पट्टीने मोजून दाखवावे.

आता अधिवासाविषयी. हे फुलपाखरू केवळ ओरो प्रांतात, मुख्यतः पोपोंडेटाच्या आसपास आढळते. १९५१ मध्ये लॅमिंग्टन ज्वालामुखीच्या उद्रेकात तिथले मोठे जंगल जळाले. उरलेल्या जंगलात पुढे लाकूडतोड झाली आणि १९७० च्या दशकापासून तेलताडाच्या लागवडी पसरल्या. पामतेलाची सर्वाधिक आयात भारत करतो, त्यामुळे हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

उत्तर – कीटक-अभ्यासक, अमरावती

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक बाजू राहून गेली आहे. हे फुलपाखरू वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याचा व्यावसायिक व्यापार पूर्णपणे बंद आहे. इतर बर्डविंग फुलपाखरे मात्र दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांचा व्यापार परवान्याने करता येतो. पापुआ न्यू गिनीतील गावकरी जंगलाच्या कडेला वेली लावतात, त्यांवर आलेले कोष गोळा करतात आणि त्यांतून निघालेली ही इतर फुलपाखरे बुलोलो येथील सरकारी संस्थेमार्फत कायदेशीररीत्या विकतात. म्हणजे वेल जपण्यात त्यांचा रोजचा स्वार्थ आहे. ज्या जंगलातून दोन पैसेही मिळत नाहीत ते राखा आणि तेलताड लावू नका, असे ओरोच्या शेतकऱ्याला दुरून सांगणे मला न्याय्य वाटत नाही. कडक देखरेखीखाली क्वीन अलेक्झांड्राच्याही मर्यादित संगोपनाला वाव द्यावा, असे माझे मत आहे. चोरट्या व्यापाराचा धोका खरा आहे आणि म्हणून यावर मतभेद असणे स्वाभाविक आहे.

उत्तर – शेतकरी, दारव्हा (जि. यवतमाळ)

गुरुजी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धुऱ्यावरच आहे. आपल्या काळ्या जमिनीत जमिनीलगत पसरणारी, उग्र वासाची किडामारी ही त्या वेलीच्याच कुळातील आहे आणि तिच्यावर कॉमन रोझ नावाच्या काळ्या-तांबड्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पऱ्हाटीत तणनाशक मारताना आपण धुरेही साफ करतो, तेव्हा या अळ्यांचे अन्न जाते. ओरोत मोठ्या प्रमाणावर जे घडले त्याचे हे गावातले रूप मुलांना लगेच समजेल.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये रिचमंड बर्डविंगसाठी शाळकरी मुलांनी स्थानिक वेली हजारोंनी लावल्या. तिथे आणखी एक संकट होते: बागांत शोभेसाठी लावलेल्या परदेशी वेलीवर माद्या अंडी घालत आणि ती पाने खाऊन अळ्या मरत. म्हणून शाळेच्या आवारात रोपवाटिकेतील शोभेची वेल न लावता धुऱ्यावरची किडामारीच जपावी, असे मी सुचवीन.

प्रतिसाद – विज्ञान शिक्षक, आर्वी

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पावसाळ्यात मुलांना घेऊन धुऱ्यावर जाण्याचा विचार आहे. काही विशेष काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर – कीटक-अभ्यासक, अमरावती

होय. गावठी औषध म्हणून किडामारी पोटात घेण्याची प्रथा अजून काही घरांत आहे. परंतु तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करू शकते आणि कर्करोगालाही कारणीभूत ठरते. मुलांनी पान चघळू नये, हाताळल्यास हात धुवावेत. अळी उचलून घरी नेण्याऐवजी त्याच वेलीपाशी दर दोन-तीन दिवसांनी जाऊन तिची वाढ वहीत नोंदवावी, आणि त्या धुऱ्यावर फवारणी होणार नाही याविषयी शेतमालकाशी आधीच बोलून ठेवावे.